घरच्या सर्व्हरवरच्या सेवांना सबडोमेन: रिव्हर्स प्रॉक्सी लावण्याची पूर्ण कृती

घरी एखादा मिनी पीसी सर्व्हर म्हणून चालू केला की त्यावरच्या सेवा भराभर वाढतात. फोटोंसाठी इमिच २२८३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरच्या सेवा वेगळ्या ओळखण्याचा क्रमांक), दिवे-पंख्यांसाठी होम असिस्टंट ८१२३ वर, कागदपत्रांसाठी पेपरलेस ८००० वर, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन आणखी कुठेतरी. घरातल्या इतरांनी हे आकडे पाठ करावेत अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. शिवाय ब्राउझर प्रत्येक पानावर ‘असुरक्षित’ असा शेरा मारतो. व्हॉल्टवॉर्डनचं वेब पान तर एचटीटीपीएसशिवाय कामच करत नाही, कारण त्याला लागणाऱ्या एन्क्रिप्शनच्या सोयी ब्राउझर फक्त सुरक्षित जोडणीवर देतो.

रिव्हर्स प्रॉक्सी या सगळ्या सेवांच्या पुढे बसते. ब्राउझर जोडणी सुरू करतानाच आपल्याला कोणतं नाव हवंय ते कळवतो. प्रॉक्सी त्या नावाचं सर्टिफिकेट (नाव खरं असल्याचा डिजिटल दाखला) दाखवते, विनंतीतलं होस्ट हेडर (कोणत्या साइटसाठी विनंती आहे ते नाव) वाचते आणि विनंती योग्य कंटेनरकडे (डॉकर या साधनात प्रत्येक सेवा ज्या वेगळ्या डब्यात चालते त्याकडे) पाठवते. सगळी निवड नावावरून होत असल्यामुळे नुसता आयपी पत्ता टाकून पाहिलं तर भलतंच पान दिसतं. ते बिघाडाचं लक्षण नाही.

इथे एनजिन्क्स प्रॉक्सी मॅनेजर धरून चाललो आहोत. आतमध्ये एनजिन्क्स हा वेब सर्व्हरच असतो, पण मांडणी ब्राउझरमधून होते आणि सर्टिफिकेटचं नूतनीकरण आपोआप होतं. मजकुरी फाइलवर हात बसलेला असेल तर कॅडी उत्तम आहे. कंटेनर सतत बदलत असतील तर ट्रॅफिक नावाची प्रॉक्सी सोयीची पडते. साधन कुठलंही घेतलं तरी खालचा क्रम तोच राहतो: आधी नाव, मग वाट, मग सर्टिफिकेट, मग सेवा. एक पायरी तपासून झाल्याशिवाय पुढची सुरू करू नका. चारही गोष्टी एकदम लावल्या आणि पान उघडलं नाही, तर दोष कुठे आहे ते शोधण्यात रात्र जाते.

उपमार्ग नको, सबडोमेनच घ्या

एकाच डोमेनखाली तिरकी रेघ देऊन ‘/फोटो’, ‘/घर’ असे उपमार्ग करण्याचा मोह होतो. तो टाळा. बहुतेक सेवा आपण मुळाशीच बसलो आहोत असं धरून दुवे, कुकी आणि जावास्क्रिप्टचे पत्ते तयार करतात. इमिच आणि होम असिस्टंट तर उपमार्गावर चालतच नाहीत. सबडोमेन दिलं की प्रत्येक सेवेला स्वतंत्र मूळ मिळतं आणि कुकीही वेगळ्या राहतात.

पहिली पायरी: नाव

डोमेन विकत घ्या. समजा ते ‘उदाहरण.इन’ आहे (इथली नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत, ती इंग्रजी अक्षरांतली धरा). सर्व्हरचा घरातला पत्ता राउटरच्या डीएचसीपी आरक्षणात (एका यंत्राला दर वेळी तोच पत्ता देण्याच्या सोयीत) पक्का करा, आपण १९२.१६८.१.१० धरू. वीज जाऊन आल्यावर हा पत्ता बदलला तर पुढचं सगळं कोसळतं.

डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) एकच तारांकित नोंद पुरते: नावाच्या जागी ‘*’, प्रकार ‘ए’ आणि समोर तुमचा सार्वजनिक पत्ता. मग फोटो.उदाहरण.इन, घर.उदाहरण.इन, कागद.उदाहरण.इन ही सगळी नावं आपोआप तिथेच पोचतात आणि नव्या सेवेसाठी डीएनएसला हात लावावा लागत नाही. टीटीएल (मिळालेला पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) सुरुवातीला ३०० सेकंद ठेवा, म्हणजे चूक सुधारल्यावर फार वाट पाहावी लागणार नाही. सार्वजनिक पत्ता अधूनमधून बदलत असेल, तर तो डीएनएसमध्ये आपोआप अद्ययावत करणारा डायनॅमिक डीएनएसचा छोटा कंटेनर लागतो.

सबडोमेन देवनागरीत ठेवायचं असेल तर तेही जमतं, ‘.भारत’ हे टोक २०१४ पासून आहेच. फक्त प्रॉक्सीत नाव भरताना ते ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या प्युनीकोड रूपात भरा, कारण ब्राउझर आतून तेच रूप पाठवतो.

तपासणी: फोनचं वायफाय बंद करून किंवा दुसऱ्या जाळ्यावरून ‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’ ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा चालवा. अपेक्षित पत्ता परत आला की ही पायरी संपली.

दुसरी पायरी: वाट

भारतात घरगुती जोडण्यांवर सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पत्ता (राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता) पाहा आणि बाहेरच्या एखाद्या ‘माझा आयपी काय’ पानावर दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर काम सोपं आहे. वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय आणि तुमच्या राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती घरातल्या यंत्राकडे पाठवणं) कितीही बरोबर असलं तरी बाहेरची विनंती तिथवर येणारच नाही. वॅन पत्ता १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मध्ये आणखी एक राउटर असण्याची शक्यता जास्त. बहुधा कंपनीचा ओएनटी (फायबर जोडणीचा डबा) स्वतःच राउटरचं काम करतोय. तो ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम बंद करून) टाका किंवा दोन्हीकडे पोर्ट फॉरवर्ड करा.

सीजीनॅटमधून सुटायचे मार्ग चार. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक आयपी घेणं सगळ्यात सरळ. दुसरा मार्ग आयपीव्ही६: सर्व्हरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत असेल तर ‘एएएए’ (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद करा आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी ४४३ उघडा. यात पोर्ट फॉरवर्डिंग नसतं. मात्र ज्या ऑफिसात किंवा हॉटेलात फक्त आयपीव्ही४ आहे तिथून पान उघडणार नाही. तिसरा, भाड्याचा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) घेऊन त्याच्यापासून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाकणं. चौथा, क्लाउडफ्लेअर टनेल. तो लावायला सोपा आहे, पण मोफत योजनेत एका विनंतीतून १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही, त्यामुळे लांब व्हिडिओ असलेल्या इमिचसाठी तो गैरसोयीचा ठरतो. शिवाय सगळी वाहतूक त्यांच्याकडे उलगडून मगच पुढे येते, हेही ध्यानात घ्या.

पण त्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: या सेवा खरोखर इंटरनेटवर उघड्या हव्यात का? फक्त घरच्यांनाच वापरायच्या असतील तर आमचा स्पष्ट सल्ला आहे की पोर्ट उघडूच नका. तारांकित नोंदीत थेट १९२.१६८.१.१० लिहा, सर्टिफिकेट डीएनएस पद्धतीने घ्या (पुढे येतंय), आणि बाहेर असताना टेलस्केल किंवा वायरगार्ड या व्हीपीएनने घरच्या जाळ्यात या. नावं तीच राहतात, जोडणीही सुरक्षित दिसते आणि बाहेरच्या जगाला काहीच दिसत नाही. यात एकच खोच आहे. काही राउटर सार्वजनिक डीएनएसकडून आलेला खासगी पत्ता डीएनएस रिबाइंडिंग संरक्षणाच्या नावाखाली गाळून टाकतात, आणि नाव सापडतच नाही. मग राउटरच्या अपवाद-यादीत तुमचं डोमेन घाला किंवा पाय-होल, ॲडगार्ड होम यांसारखा घरातला डीएनएस वापरा.

सार्वजनिक ठेवायचंच ठरवलं तर राउटरवर बाहेरचा ८० आतल्या ८० कडे आणि बाहेरचा ४४३ आतल्या ४४३ कडे पाठवा. आणखी काही उघडू नका. व्यवस्थापनाचा ८१ तर कधीच नाही.

प्रॉक्सी बसवणं आणि डॉकरचं जाळं

इथे दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, कारण नंतर येणाऱ्या ‘५०२ बॅड गेटवे’पैकी (प्रॉक्सीला मागच्या सेवेकडून नीट उत्तर मिळालं नाही, असा दोष) बहुतेकांचं मूळ इथेच असतं.

आधी टर्मिनलमध्ये ‘डॉकर नेटवर्क क्रिएट’ ही आज्ञा देऊन एक जाळं तयार करा. नाव ‘प्रॉक्सी’ ठेवा. डॉकरच्या मूळ ब्रिज जाळ्यावर कंटेनर एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, स्वतः बनवलेल्या जाळ्यावर ओळखतात. प्रॉक्सी मॅनेजरच्या कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये) ८०, ४४३ आणि ८१ हे पोर्ट, ‘डेटा’ आणि ‘लेट्सएन्क्रिप्ट’ असे दोन कायमस्वरूपी फोल्डर, आणि ‘रीस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड’ हवं. ८१ समोर सर्व्हरचा घरातला पत्ता लिहा, म्हणजे तो त्याच पत्त्यावर उघडेल. फाइलच्या शेवटी ‘प्रॉक्सी’ जाळं एक्स्टर्नल म्हणून घोषित करा.

मग इमिच, पेपरलेस, व्हॉल्टवॉर्डन यांच्या कंपोज फाइलमध्ये जाऊन मुख्य कंटेनर याच जाळ्यात जोडा. डेटाबेस आणि रेडिसचे कंटेनर जोडू नका. ते त्यांच्या जुन्या जाळ्यातच राहू द्यात आणि मुख्य कंटेनर दोन्हीकडे ठेवा. हे नीट झालं की त्या सेवांच्या ‘पोर्ट्स’ ओळी काढून टाका. आता त्यांच्याकडे जायची वाट फक्त प्रॉक्सीतून आहे.

त्या ओळी काढायचं आणखी एक मोठं कारण आहे. डॉकर पोर्ट उघडतो तेव्हा आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मुळातल्या वाहतूक-नियमांत) स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम त्या वाहतुकीला लागूच होत नाहीत. यूएफडब्ल्यूने ८००० बंद दाखवला तरी पेपरलेस उघडाच असतो. व्हीपीएसवर हे फार महागात पडतं, कारण तिथे मध्ये राउटर नसतो.

प्रॉक्सी चालू केल्यावर १९२.१६८.१.१० वर ८१ पोर्ट उघडा आणि खातं तयार करा. जुनी आवृत्ती ठरावीक ईमेल-पासवर्ड मागत असेल तर आत गेल्या गेल्या ते बदला. सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट साइट’ असा पर्याय आहे. तिथे स्वागताच्या पानाऐवजी ‘नो रिस्पॉन्स’ निवडा, म्हणजे नुसत्या आयपीवर ठोकून बघणाऱ्या स्कॅनरना उत्तरच मिळणार नाही.

तिसरी पायरी: सर्टिफिकेट

लेट्स एन्क्रिप्ट मोफत सर्टिफिकेट देतं, मुदत ९० दिवस. डोमेन तुमचंच आहे हे पटवण्याच्या दोन पद्धती इथे कामाच्या.

एचटीटीपी पद्धतीत त्यांचा सर्व्हर बाहेरून ८० पोर्टवर येऊन एक फाइल मागतो. म्हणजे ८० बाहेरून उघडा हवा, आणि नूतनीकरणासाठी तो पुढेही उघडाच राहायला हवा. डीएनएस पद्धतीत तुमच्या डोमेनमध्ये एक टीएक्सटी नोंद तात्पुरती घातली जाते. कुठलाच पोर्ट लागत नाही, सीजीनॅट आड येत नाही, आणि तारांकित सर्टिफिकेट फक्त याच पद्धतीने मिळतं.

शक्य असेल तर सरळ डीएनएस पद्धत घ्या. सर्टिफिकेट पारदर्शकतेच्या नोंदींमध्ये प्रत्येक सर्टिफिकेटवरची नावं कायमची जाहीर होतात. व्हॉल्टवॉर्डनसाठी वेगळं सर्टिफिकेट काढलंत की काही मिनिटांत त्या सबडोमेनवर अनोळखी विनंत्या येऊ लागतात. तारांकित सर्टिफिकेटमध्ये फक्त ‘*.उदाहरण.इन’ एवढंच दिसतं.

कृती अशी: सर्टिफिकेट्स विभागात नवीन लेट्स एन्क्रिप्ट सर्टिफिकेट निवडा आणि नावांमध्ये ‘उदाहरण.इन’ व ‘*.उदाहरण.इन’ ही दोन्ही भरा. तारांकित नावात मूळ डोमेन येत नाही, आणि ते एकाच पातळीपुरतं असतं, अ.ब.उदाहरण.इन त्यात बसत नाही. मग डीएनएस चॅलेंज चालू करून तुमचा डीएनएस पुरवठादार निवडा आणि त्याचा एपीआय टोकन (प्रॉक्सीला डीएनएस नोंदी बदलू देणारी किल्ली) चौकटीत भरा. क्लाउडफ्लेअर असेल तर टोकनला फक्त त्या एका झोनचा (डोमेनचा) ‘डीएनएस एडिट’ अधिकार द्या. सर्वाधिकार असलेली ग्लोबल की इथे कधीही टाकू नका. ‘प्रॉपगेशन सेकंद’ ही चौकट रिकामी ठेवून अपयश आलं तर १२० करून बघा.

अपयश आलं की लगेच पुन्हा-पुन्हा बटण दाबण्याची सवय घातक आहे. एका नावासाठी तासाला ५ अपयशी पडताळण्या झाल्या की थांबावं लागतं. अगदी त्याच नावांचा संच असलेली सर्टिफिकेटं ७ दिवसांत ५च मिळतात. तेव्हा आधी दोष-नोंद (लॉग) वाचा. एचटीटीपी पद्धतीत हमखास सापडणारा एक दोष म्हणजे जुनी, विसरलेली ‘एएएए’ नोंद. लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ ला प्राधान्य देतं, ती नोंद चुकीच्या यंत्राकडे बोट दाखवत असते, आणि आयपीव्ही४ वर सगळं चोख असूनही पडताळणी फसते.

चौथी पायरी: सेवा जोडणं

‘ॲड प्रॉक्सी होस्ट’ उघडा. इमिचसाठी डोमेन नेम फोटो.उदाहरण.इन, स्कीम एचटीटीपी, फॉरवर्ड होस्टनेममध्ये कंटेनरचं नाव (इमिचच्या मूळ फाइलमध्ये ते ‘इमिच’, खालची रेघ, ‘सर्व्हर’ असं असतं) आणि पोर्ट २२८३.

तीन चुका इथे नेहमी होतात. एक, होस्टनेममध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहिणं: कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, म्हणून ५०२. दोन, बाहेरचा पोर्ट लिहिणं. व्हॉल्टवॉर्डन तुम्ही पूर्वी ८०८० वर उघडला असला तरी कंटेनरच्या आत तो ८० वरच ऐकतो, आणि जाळ्यातून जाताना ८०च लिहायचा. तीन, स्कीम एचटीटीपीएस निवडणं. बाहेरची जोडणी सुरक्षित असली तरी आतली सेवा बहुतेक वेळा साधं एचटीटीपीच बोलते. कंटेनरचा १७२ ने सुरू होणारा आयपी लिहूनही चालतं खरं, पण कंटेनर नव्याने तयार झाला की तो बदलू शकतो. नावच लिहा.

‘वेबसॉकेट्स सपोर्ट’ सगळ्यांसाठी चालू ठेवा. तो नसेल तर होम असिस्टंट लॉगिनपर्यंत येतो आणि तिथून पुढे नुसता फिरत राहतो. ‘कॅश ॲसेट्स’ बंद ठेवा. सेवा अद्ययावत केल्यावर जुनी जावास्क्रिप्ट अडकून विचित्र दोष दिसतात. एसएसएल टॅबमध्ये आधी काढलेलं तारांकित सर्टिफिकेट, ‘फोर्स एसएसएल’ आणि ‘एचटीटीपी/२’ चालू करा. एचएसटीएसची (ही साइट नेहमी एचटीटीपीएसवरच उघड, या ब्राउझरला दिलेल्या सूचनेची) घाई करू नका. एकदा ब्राउझरने ते लक्षात ठेवलं की सर्टिफिकेट बिघडल्यावर साध्या एचटीटीपीने आत जायची सोय राहत नाही. महिनाभर सुरळीत चालू द्या, मग लावा.

प्रॉक्सीचं काम इथे संपतं, पण मागच्या सेवेलाही आपण प्रॉक्सीमागे आहोत हे सांगावं लागतं.

होम असिस्टंट सांगितल्याशिवाय ‘४०० बॅड रिक्वेस्ट’ देतो. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘एचटीटीपी’ विभागाखाली ‘यूझ एक्स फॉरवर्डेड फॉर’ खरं करा आणि ‘ट्रस्टेड प्रॉक्सीज’मध्ये प्रॉक्सीचा पत्ता घाला. कोणता पत्ता, ते अंदाजाने लिहू नका. त्याच्या लॉगमध्ये अविश्वासू प्रॉक्सीचा पत्ता स्पष्ट छापलेला असतो. तोच किंवा त्या डॉकर जाळ्याचा पूर्ण पट्टा, उदाहरणार्थ १७२.१८.०.०/१६. होम असिस्टंट बहुधा होस्ट जाळ्यावर चालतो, म्हणून फॉरवर्ड होस्टनेममध्ये कंटेनरच्या नावाऐवजी १९२.१६८.१.१० आणि पोर्ट ८१२३ येतो. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू चालू असेल तर ही विनंती फायरवॉलच अडवतो आणि बऱ्याच वेळाने ‘५०४’ दिसतो. अशा वेळी त्या डॉकर पट्ट्यातून ८१२३ ला परवानगी देणारा नियम घाला.

पेपरलेसला ‘पेपरलेस यूआरएल’ या चलात (कंपोज फाइलमधल्या सेटिंगमध्ये) एचटीटीपीएससह पूर्ण पत्ता द्या, नाहीतर लॉगिन करताना सीएसआरएफ (विनंती खरंच याच साइटवरून आली का ही) पडताळणी फसते आणि ४०३ मिळतो. व्हॉल्टवॉर्डनला ‘डोमेन’ चल तसंच द्या. नेक्स्टक्लाउड असेल तर तीन गोष्टी लागतात: विश्वासू डोमेनची यादी, विश्वासू प्रॉक्सीची यादी आणि ‘ओव्हरराइट प्रोटोकॉल’ला एचटीटीपीएस. शेवटची राहिली तर मोबाइल ॲपचं लॉगिन अडकून बसतं.

मोठ्या फाइलींसाठी इमिचच्या होस्टच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज’ शून्य करा. शून्य म्हणजे मर्यादा नाही. साध्या एनजिन्क्समध्ये मूळ मर्यादा अवघी १ एमबी असते, आणि ओलांडली की ४१३ येतो. तिथेच ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’ आणि ‘प्रॉक्सी सेंड टाइमआउट’ ६०० सेकंद करा, म्हणजे संथ जोडणीवरून चढणारा व्हिडिओ अर्ध्यात तुटणार नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरलात तर होस्टपुढे ‘ऑफलाइन’ दिसतं.

प्रॉक्सीतली ‘ॲक्सेस लिस्ट’ वापरून वरून आणखी एक पासवर्ड लावावासा वाटेल. ब्राउझरमध्ये ते ठीक चालतं. पण होम असिस्टंटचं मोबाइल ॲप आपला टोकन ज्या ऑथोरायझेशन हेडरमधून पाठवतं, तेच हेडर हा पासवर्डही वापरतो, त्यामुळे ॲप बंद पडतं. अशा ॲपसाठी ॲक्सेस लिस्टमध्ये पासवर्डऐवजी घरचा आणि व्हीपीएनचा पत्ता-पट्टा द्या.

पान उघडत नसेल तेव्हा

बाहेरून उघडतं पण घरच्या वायफायवर उघडत नाही, असं असेल तर राउटरला हेअरपिन नॅट (घरातून सार्वजनिक पत्त्याकडे गेलेली विनंती परत आत वळवणं) जमत नाही. घरातल्या डीएनएसमध्ये *.उदाहरण.इन ला १९२.१६८.१.१० असं उत्तर द्या. तरी एखाद्याच लॅपटॉपवर अडत असेल तर त्या ब्राउझरचं ‘सिक्युअर डीएनएस’ बंद करा; ते घरच्या डीएनएसला वळसा घालून जातं.

‘खूप वेळा वळवलं’ असा दोष क्लाउडफ्लेअरमागे दिसला तर तिथला एसएसएल प्रकार ‘फ्लेक्सिबल’ आहे. तो सर्व्हरकडे एचटीटीपीने येतो, प्रॉक्सी त्याला एचटीटीपीएसकडे परत पाठवते आणि चक्र सुरू राहतं. ‘फुल स्ट्रिक्ट’ करा.

५०२ आला म्हणजे नाव, वाट, सर्टिफिकेट तिन्ही ठीक आहेत. थेट प्रॉक्सी कंटेनरमध्ये शिरून ‘कर्ल’ने सेवेच्या नावाला आणि पोर्टला हाक मारा. ‘नाव सापडलं नाही’ आलं तर कंटेनर त्या जाळ्यात नाही. ‘जोडणी नाकारली’ आलं तर पोर्ट चुकलाय किंवा सेवा अजून उठतेय. काहीच उत्तर न येता पान लटकून राहिलं, तर मध्ये फायरवॉल आहे. प्रत्येक होस्टची वेगळी दोष-नोंद ‘डेटा’ फोल्डरातल्या ‘लॉग्ज’मध्ये असते.

सगळं चालू झालं की ‘डेटा’ आणि ‘लेट्सएन्क्रिप्ट’ हे दोन्ही फोल्डर रोजच्या बॅकअपमध्ये घाला. प्रॉक्सीची प्रतिमा कंपोज फाइलमध्ये ‘लेटेस्ट’ऐवजी ठरावीक आवृत्तीवर बांधा आणि अद्ययावत करण्याआधी बॅकअप घ्या. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केलेत, त्यामुळे अपटाइम कुमा या देखरेखीच्या साधनात प्रत्येक सबडोमेन नोंदवून सर्टिफिकेटची मुदत संपण्याची सूचना चालू करा. डीएनएसच्या टोकनला मुदत घातली असेल तर ती तारीखही कॅलेंडरमध्ये टाका. तो संपला की नूतनीकरण गुपचूप थांबतं आणि ते पुढच्या मुदतीलाच कळतं.